पालथं घड्याळ

परवा गटशिक्षण कार्यालयात दुसऱ्याच एका कामाला गेलो होतो. साहेब जेवायला गेलेले, म्हणून बाकावर बसून राहिलो. समोरच्या कपाटावर पुस्तिकांचा एक गठ्ठा धूळ खात पडला होता. वरची ओढून घेतली. गुळगुळीत कागद, वर एका हसऱ्या मुलीचा फोटो, आणि खाली लिहिलेलं की पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला कसं शिकवावं याचा हा अभ्यास आहे. मला वाचायला वेळ लागतो, पण मी वाचतो. बोट ठेवून वाचतो, आणि कुणी बघत असलं तर बोट जास्तच ठासून ठेवतो. साहेब जेवून आले, परत कुठंतरी गेले, तोवर मी शेवटच्या पानावर पोचलो. तिथं संस्थेच्या माणसांची नावं होती, अधिकाऱ्यांची होती, जीपच्या ड्रायव्हरचंसुद्धा होतं. त्याखाली एक ओळ : 'सहभागी शिक्षकांचे आभार.'

सय्यद गुरुजींचं नाव नव्हतं. पान उलटून पुन्हा पाहिलं, नव्हतं.

शिपायाला म्हणालो, "ह्यात आमच्या गुरुजींचं नाव कावून न्हाई?"

"तात्या, ती काय लग्नपत्रिका हाय का, सगळ्यांची नावं टाकायला?"

मी त्याच्यावर ओरडलो ते जरा जास्तच ओरडलो. मग पुस्तिका पिशवीत टाकली आणि घरी आलो. कुणाला विचारलं नाही. त्यांनी नाव घातलं नाही, तर मी घालतो. लिहायची सवय नाही, पण कुणीतरी लिहिलं पाहिजे.

सय्यद गुरुजी नेकनूरचे. शिरूर कासारच्या पुढं, खडीच्या रस्त्यानं आत गेलं की आमचं गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर ते आले आणि निवृत्त होईपर्यंत राहिले. शनिवारी शाळा सुटली की नेकनूरला जायचे, सोमवारी सकाळी परत. आठवडाभर माझ्या घराला लागून असलेल्या खोलीत राहायचे. माणूस उंच, थोडा वाकलेला. चहा बशीतून प्यायचे आणि बशी दोन्ही हातांनी धरायचे, कुणीतरी हिसकावून नेईल अशी. आवाज कधी चढला नाही. मी रोज ओरडणारा माणूस, मला तो आवाज सुरुवातीला कमजोर वाटला होता.

त्यांच्या मनगटावर चावीचं जुनं घड्याळ होतं. मूल वाचायला उभं राहिलं की गुरुजी ते काढायचे आणि टेबलावर पालथं ठेवायचे. काच खाली. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन म्हणायचे, "वाच बेटा. घाई न्हाई. मी हाय इथंच."

मूल अडलं तर पुढचा शब्द सांगायचे नाहीत. खिडकीतून लिंबाकडं बघत बसायचे. एकदा एका पोरीनं 'पाऊस' हा शब्द वाचायला इतका वेळ घेतला की तेवढ्यात बाहेर येऊन गेला असता, आमच्याकडं येत असता तर. पण तिनं वाचला. ती खाली बसली तेव्हा गुरुजींनी घड्याळ उचललं, कानाला लावलं, चावी दिली आणि परत मनगटावर चढवलं. रोजचा हाच शिरस्ता.

मी शाळा समितीचा अध्यक्ष होतो, त्यामुळे वर्गाच्या दारात उभं राहायचा मला हक्क होता. एकदा विचारलं, "गुरुजी, हे घड्याळ पालथं घालायचं काय खूळ हाय?"

"मुकादम, पोरगं अडलं की ते पुस्तकात बघत न्हाई, आपल्या तोंडाकडं बघतं. आपण घड्याळाकडं बघितलं की त्याला कळतंय, आपला येळ संपला. मग ते पुस्तक मिटतं. मनातल्या मनात मिटतं, आपल्याला दिसत बी न्हाई."

मी मुकादम कसा झालो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातही गुरुजी आहेत. दुसरीतून शाळा सोडली, ऊस तोडायला गेलो. तोडता तोडता स्वतःची टोळी उभी केली. बारा कोयते, म्हणजे बारा नवरा-बायकोच्या जोड्या. कारखान्याच्या करारावर मी सही करायचो. सही अशी वळणदार की कारकून बघत राहायचा. पण सहीपलीकडं एक अक्षर वाचता येत नव्हतं. एका हंगामात उसाचे ट्रक वेळेवर आले नाहीत, टोळी चार-चार दिवस फडात बसून राहिली. मी कारखान्याच्या ऑफिसात जाऊन टेबल बडवलं. शेतकी अधिकाऱ्यानं करार समोर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वाचा की. सही तुमचीच आहे." आजूबाजूचे कारकून हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

गावी आल्यावर तो कागद गुरुजींपुढं टाकला. "वाचून दावा, काय लिवलंय."

गुरुजींनी घड्याळ काढलं आणि पालथं ठेवलं.

"वाचा."

"मला येतंय व्हय?"

"सही येती ना? तेवढी अक्षरं तर वळखीची झाली. त्यांना धरून पुढं चला. घाई न्हाई. मी हाय इथंच."

मी चिडून उठून गेलो. दुसऱ्या संध्याकाळी परत आलो, तिसऱ्या संध्याकाळीही. सगळा उन्हाळा शाळेच्या ओट्यावर तो एक कागद वाचण्यात गेला. कधी मी शिव्या द्यायचो, कधी कागद फेकायचो. गुरुजी तो उचलून, झटकून परत माझ्यासमोर ठेवायचे. शेवटी ती ओळ वाचली. ट्रक येईपर्यंत टोळीनं फडावर थांबावं, असं लिहिलं होतं. किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. गुरुजींनी घड्याळ चढवलं. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता जा भांडायला. आजवर तुमी नुसतं वाऱ्याशी भांडत होता."

पुढच्या हंगामात किती दिवस ते लिहून घेतल्याशिवाय मी सही केली नाही. त्यानंतर एकाही करारात मी हरलो नाही. फक्त एकदा हरलो, आणि तेही ह्याच माणसामुळं.

खरं बोलण्याचा त्यांना एक आजारच होता. आमच्या भागात दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि पोरं आईबापांबरोबर जातात. बऱ्याच शाळा त्यांना हजेरीपटावर हजर दाखवायच्या, म्हणजे पट भरलेला दिसतो. गुरुजी लाल शाईनं गैरहजर लिहायचे. एकदा तपासणीला आलेला अधिकारी म्हणाला, "सय्यद, थोडं सांभाळून घ्यावं माणसानं. पट कमी दिसला तर शाळा बंद व्हायची."

"साहेब, त्या पोराला हजर लिवलं तर ते कुठं गेलंय, हे इचारणार कोण?"

पुढंही कुणी विचारलं नाही. गुरुजी आपले लाल शाईनं लिहीत राहिले.

ही अभ्यासाची भानगड आली ती दुष्काळाच्या वर्षी. केंद्रशाळेत बैठक होती, आसपासच्या गावांचे शिक्षक आणि समितीचे अध्यक्ष बोलावलेले. पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. बाई साधी, बोलणं सरळ. त्यांनी सांगितलं, वाचायला शिकवायची एक नवी पद्धत आहे, तिची खास पुस्तकं आहेत. निम्म्या शाळांना ती ह्याच वर्षी मिळेल. निम्म्या शाळा जशा चालतात तशाच चालतील. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडच्या मुलांना वाचायला लावायचं आणि फरक बघायचा. राहिलेल्यांना पुस्तकांची पेटी पुढच्या वर्षी. कुणाला आधी, कुणाला नंतर, ते चिठ्ठ्या टाकून.

स्टीलच्या तांब्यात चिठ्ठ्या टाकल्या. गुरुजींनी आमची काढली, वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "जशी हाय तशी," असं मला हळूच म्हणाले.

मी उभा राहिलो. "मॅडम, दुष्काळात टँकर बी चिठ्ठ्या टाकून वाटत न्हाईत. तुमी पोरांचं शिकणं चिठ्ठ्या टाकून वाटता?"

"अध्यक्ष, आम्हीच निवडल्या असत्या तर चांगल्या शाळा निवडल्या असत्या. मग फरक पद्धतीमुळे पडला की शाळेमुळे, हे कसं कळणार?"

बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी कारखान्याच्या चेअरमनशी सौदे केलेत, ट्रकवाल्यांशी केलेत, दूध संघाच्या सेक्रेटरीशी केलेत. त्या प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असायचं. ह्या बाईला काहीच नको होतं, आणि त्या तांब्याला तर कुणाकडूनच काही नको होतं.

मग सुचलं. म्हणालो, "आमची शाळा काढून टाका तुमच्या यादीतून. आमी न्हाई देत पोरं तपासायला."

बाईंचा चेहरा उतरला. जोड्या लावलेल्या असतात, एक शाळा गेली की हिशेब मोडतो, असं काहीतरी त्या म्हणाल्या. बस, मला मूठ सापडली. समोरचा चहा गार झाला तरी मी सोडलं नाही. शेवटी ठरलं ते असं : पुढच्या वर्षीची पेटी ह्याच वर्षी आमच्या शाळेत आणून ठेवायची. कुलूप लावून. "पुढच्या साली तुमची जीप येती का न्हाई, कुणी बघितलंय? माल आमच्या दारात पायजे," असं मी ठणकावलं.

मॅडम गुरुजींकडं वळल्या. "सर, वर्षभर पेटी उघडणार नाही, असा तुमचा शब्द असेल तर ठेवते. किल्ली तुमच्याकडेच."

गुरुजी उभे राहिले. "शब्द," म्हणाले.

परत येताना मोटारसायकलवर मी खुशीत होतो. माल एकदा दारात आला की तो आपला, हे मी आयुष्यभर बघत आलोय. "गुरुजी, जिकलो! कुलपाचं काय, ते दगडानं बी उघडतंय."

मागून आवाज आला, "मुकादम, सौदा तुमी केला. शब्द माझा गेला."

पेटी आली. हिरवी, पत्र्याची, पितळी कुलपाची. वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली. पोरं तिच्यावर बसायची, ती वाजवायची, कुलपाच्या भोकातून आत बघायची.

त्याच आठवड्यात संस्थेचा एक तरुण पहिली परीक्षा घ्यायला आला. एका मिनिटात मूल किती शब्द वाचतं ते मोजायचं होतं. मी दारात होतो. माझ्या धाकट्या भावाची मुलगी मंदा दुसरीत होती. तिला धडे तोंडपाठ, चित्र बघितलं की घडाघडा म्हणायची, पण नुसती अक्षरं दिसली की गप्प. तरुणानं कागद तिच्यासमोर ठेवला आणि मोबाइलवर वेळ लावली. गुरुजींनी सवयीनं आपलं घड्याळ काढून पालथं ठेवलं. मंदा कागदाकडं बघत राहिली. मोबाइल वाजला.

"झालं बाळ, बस," तो तरुण म्हणाला.

"अजून तिनं सुरू बी केलं न्हाई," गुरुजी म्हणाले.

"सर, मिनिट झालं."

"हौ, मिनिट झालं." गुरुजींनी घड्याळ उचललं, पण त्या दिवशी चावी द्यायला विसरले.

शेजारच्या गावाला नव्या पद्धतीची चिठ्ठी निघाली होती. तिथले शिक्षक उत्साही. शिरूरला बाजाराच्या दिवशी हॉटेलात भेटले की सुरू व्हायचे, "सय्यद सर, कमाल आहे. सगळी मुळाक्षरं एकदम घ्यायचीच नाहीत. चार-पाच अक्षरं घेतली की लगेच..." गुरुजी दोन्ही कानांवर हात ठेवायचे. खरोखर ठेवायचे, भर हॉटेलात. "मला सांगू नका. कानावर पडलं तर हातातून निघंल." पुढं त्यांनी त्या हॉटेलात जायचंच बंद केलं आणि पार दुसऱ्या टोकाला, टपरीवर उभं राहून चहा प्यायला लागले. तिथं बशी मिळायची नाही.

मी रोज पेटीकडं बघायचो आणि जळायचो. पोळ्यापर्यंत त्या गावची पहिलीतली पोरं दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, अशी बातमी आली. आमची मंदी चित्रं वाचत होती.

त्या वर्षी मघा कोरड्या गेल्या. हस्तानंही तोंड दाखवलं नाही. दूध संघानं जनावरांसाठी छावणी काढली, पण दूधच आटलं होतं. जवळच्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, त्याचा बॉयलर पेटणार नाही हे भादव्यातच कळलं. लांबचे कारखाने पश्चिमेकडचे, नदीकाठचे. त्यांनी टोळ्या लवकर मागितल्या. दरवर्षी दिवाळी करून जाणारं गाव त्या वर्षी दसऱ्याआधीच निघायच्या तयारीला लागलं. मागं राहणाऱ्या पोरांसाठी सरकारचं हंगामी वसतिगृह असतं, पण ते टोळ्या गेल्यावर सुरू होतं. त्या वर्षीही तसंच झालं.

भावजय नुकतीच बाळंत झालेली. ती फडात उतरली की तान्ह्याला सांभाळायला मंदी लागणार होती. निघायला दोन आठवडे उरले असताना गुरुजी माझ्या ओट्यावर आले. स्वतःहून आले, हे विशेष.

"मुकादम, मंदाला ठिवा मागं. पोरगी आता कुठं अक्षराकडं बघायला लागली. आत्ता नेली तर पुसलं जाईल सगळं."

मी सौदा ओळखला. खरं तर तो सौदा नव्हता, पण मला दुसरं काही ओळखता येत नाही. म्हणालो, "ठिवतो. माझी म्हातारी हाय घरी, भावाला मी सांगतो, भावजयीसाठी दुसरी पोरगी बघतो. पण तुमी पेटी उघडा."

"पोरीवर सौदा करता?"

"दुसरं येत न्हाई मला. तुमच्यापाशी किल्ली हाय, माझ्यापाशी पोरगी हाय. बोला."

"मुकादम, ऐका. मी पेटी उघडली, तर आपली पोरं थोडी जास्त वाचतील. मग शेवटी तपासायला येतील, त्यांना फरकच दिसणार न्हाई. ते लिहितील, नव्या पद्धतीत काही दम न्हाई. मग ती पद्धत कुठंच जाणार न्हाई. किती शाळा हायत राज्यात? तिथल्या मंदांचं काय करू मी?"

"तिथल्या मंदांचं तिथले मुकादम बघतील! मला माझी मंदी दिसती!"

"मला बी तीच दिसती," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर आलो."

मी बरंच बोललो. ढोंगी म्हणालो, भित्रा म्हणालो, त्याहून वाईटही म्हणालो. ते सगळं इथं लिहीत नाही. गुरुजी ओट्यावर बसून ऐकत राहिले. मध्येच त्यांचा हात मनगटाकडं गेला, तिथंच थांबला. मग उठले आणि आपल्या खोलीत गेले. त्यांच्या खोलीचा आणि माझ्या घराचा चौक एकच. दोन आठवडे आम्ही एकमेकांच्या समोरून गेलो-आलो, बोललो नाही.

मी भावाला एक शब्द सांगितला असता तर मंदी मागं राहिली असती. नाही सांगितला. गुरुजी नमले नाहीत, म्हणून मीही नमलो नाही. निघायच्या दिवशी ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं भरली. पोरांना सगळ्यात वर बसवलं. गुरुजी हजेरीपट घेऊन शाळेच्या फाटकात उभे होते. ट्रक वळला तेव्हा ते खाली बघून लिहीत होते. लाल शाई असणार.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. हंगाम संपवून आम्ही परत आलो तोवर ते निवृत्त होऊन नेकनूरला गेले होते. मी भेटायला जाणार होतो. आज जातो, उद्या जातो, असं करत राहिलो. रागही होता. पुढच्या थंडीत ते गेल्याचं कळलं. म्हणून ते एकदाचं भेटणं सांगतो.

आमचा अड्डा नदीकाठच्या एका गावाबाहेर होता. उसाच्या पाचटाच्या कोप्या, मध्ये मोकळी जागा. संक्रांत होऊन गेलेली, रविवार. दुपारी टोळी मोळ्या बांधत होती, ट्रक लागायचा होता. उसातल्या पायवाटेनं कुणीतरी उंच माणूस येताना दिसला, खांद्यावर कापडी पिशवी. जवळ आल्यावर ओळखलं. रात्रभर एसटी बदलत आले होते. चपलेवर धूळ, डोळे लाल.

"बसा," म्हणालो आणि एक मोळी सरकवली.

ते बसले. पाणी प्याले. "मुकादम, संस्थेचा तो तरुण आलता. शेवटच्या परीक्षेच्या याद्या करायला. त्यानं आपल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या नावांवर रेघ मारली."

"कावून?"

"जी पोरं दोन्ही परीक्षांना हजर, तीच धरायची. गेलेली पोरं धरत न्हाईत. नियमच हाय त्यांचा, पैल्यापासून. मी म्हणलं, मग मंदा तुमच्या सवालातच न्हाई? तो म्हणला, न्हाई सर. मी मॅडमना फोन लावला. इचारलं, मग ह्या पोरांसाठी माझा शब्द लागू हाय का? बाईनं यादी बघितली. मग म्हणली, नाही सर. ह्या मुलांना तुम्ही काहीही शिकवू शकला असता. म्हणलं, कागदावर द्या. तिनं दिलं."

खिशातून तो कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी वाचला नाही. मला ओरडायचं होतं. कुणावर ओरडायचं, ते कळत नव्हतं. ज्या पोरांपासून पेटी अडवून ठेवली ती त्यांच्या मोजणीत नव्हतीच, आणि जी मोजणीत होती ती शाळेत बसली होती. गुरुजींनी शब्द पाळला तो कुणासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"उघडली पेटी," ते म्हणाले, आणि पिशवीतून पुस्तकं काढली. पातळ, हाताच्या पंजाएवढी, एका पानावर चित्र आणि दोन-तीन शब्द. कागद कोरा करकरीत.

चार-पाच पोरं गोळा झाली. मंदी शेवटी आली, तान्हं कडेवर घेऊन. पोरगी काळवंडली होती, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे. मी तान्हं माझ्याकडं घेतलं. गुरुजींनी एक हंडा पालथा घातला, त्याच्या बुडावर घड्याळ पालथं ठेवलं.

"वाच बेटा. घाई न्हाई. मी हाय इथंच."

मंदीनं बोट ठेवलं. पहिल्या अक्षरावर थांबली. मी मनात म्हणत होतो, म्हण गं, म्हण. तान्हं माझ्या मिशा ओढत होतं. गुरुजी उसाच्या तुऱ्यांकडं बघत होते. मग मंदी म्हणाली, "न." पुन्हा थांबली. "नळ." पुढचं अक्षर, त्याच्या पुढचं. "नळ... बघ." मान वर केली. "नळ बघ!"

चित्र तिनं तळहातानं झाकलं होतं. ते मी तेव्हा पाहिलं.

गुरुजी हसले. सात-आठ वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "पलट," म्हणाले.

दुसरं पान. शब्द तीन. मंदी अडली. फडाकडून ट्रकचा हॉर्न आला. भावजयीची हाक आली, "मंदे, बाळाला आण गं, पान्हा फुटलाय!" मी हातानं थांब म्हणून खूण केली. मंदीनं हाक ऐकली, पण बोट हललं नाही. ऊन उतरायला लागलं. तिठ्यावरून पाचला शेवटची गाडी होती. ती चुकली तर गुरुजी सोमवारी शाळेत पोचणार नव्हते, आणि शाळेत गैरहजर राहणं त्यांनी कधी केलं नव्हतं. तिठा तिथून तासाभराच्या चालीवर. हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मंदीचं बोट पहिल्या शब्दावर होतं, ओठ हलत होते.

गुरुजींचा हात हंड्याकडं गेला. घड्याळाची एक कड त्यांनी दोन बोटांनी उचलली, किती वाजले ते दिसेल एवढीच, आणि परत ठेवली.

मंदी पुस्तकात बघत नव्हती.

तिनं पुस्तक मिटलं आणि गुरुजींच्या हातात दिलं. "झालं, गुरुजी."

"अजून हाय की बेटा. बस."

"झालं." माझ्याकडून तिनं तान्हं घेतलं, सराईतपणे कडेवर बसवलं आणि फडाकडं निघाली.

गुरुजींनी पुस्तकं पिशवीत भरली. मी ट्रकवाल्याशी भांडून त्यांना तिठ्यापर्यंत केबिनमध्ये बसवलं. तेवढाच एक सौदा मला त्या दिवशी जमला. पुस्तकांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. मंदी मोळ्यांपाशी उभी होती. ट्रक हलला तसं गुरुजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मंदा, घाई न्हाई बेटा," ते मोठ्यानं म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. नेहमीचं पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही.

उसानं भरलेला ट्रक डुलत रस्त्याला लागला. खिडकीच्या कडेवर त्यांचा हात दिसत होता. मनगट मोकळं होतं, घड्याळ मागं हंड्यावर पालथंच राहिलं होतं, आणि पट्ट्याचा पांढरा वळ तेवढा उन्हात लांबपर्यंत दिसत राहिला.